असंच

पहाटे साडेपाचला वाईच्या एसटी स्टँडवर साठी उलटलेली बाई एकटीच, पाठीला सॅक आणि पायात कॅनव्हासचे बूट घालून उभी दिसली की ओळखीचं कुणीतरी विचारतंच, "काय बाई, कुणीकडं?" मी गावाचं नाव सांगते. मग पुढचा प्रश्न. "कार्य आहे का कुणाकडं?" नाही. "मग देवाला?" नाही. "मग?" या 'मग'ला माझ्याजवळ एकच उत्तर आहे आणि त्यानं आजवर कुणाचंही समाधान झालेलं नाही. "असंच."

चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं, पण हा शब्द मला नीट लावता आला नाही. 'कशासाठी' असं विचारल्यावर आपण 'असंच' म्हणतो तेव्हा उत्तर देत नाही, आलेला प्रश्न हळूच परत करतो. आमच्याकडे माणूस घराबाहेर पडतो तो लग्नाला, मयताला, बाजाराला, कोर्टाला, दवाखान्यात, नाहीतर देवाला. यांतलं काहीच नसताना निघालेला माणूस एक तर घरात भांडून निघालेला असतो किंवा त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं. माझ्याबद्दल यांतला दुसरा तर्क आळीत बऱ्यापैकी रुळला आहे.

माझा हंगाम कार्तिकी एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत. थंडीत गुडघे कुरकुरतात हे खरं, पण बसून राहिलं तर जास्त कुरकुरतात. रात्री तिळाचं तेल चोळायचं, सकाळी बाजरीची भाकरी न् लोणी खायचं आणि चालू लागायचं; दोन किलोमीटर गेलं की ते गप्प बसतात. हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो, तेव्हा अंगाला व्यायाम द्यावा, असं वाग्भटानंही सांगून ठेवलंय. म्हणजे वैद्यक माझ्या बाजूनं. धर्माचं काय, हा प्रश्न मात्र मला खरोखरीच पडत असे. इतरांना वाटतं तसा तो चेष्टेचा नव्हता. माझी आजी जन्मात तीनदा गाव सोडून गेली, तीनही वेळा देवाला. तिच्या हिशेबात माझ्या सगळ्या सहली कुठल्या खात्यावर पडल्या असत्या?

तसं पाहिलं तर थंडीत चालणं ही आपल्याकडे साधूंचीच रीत. आषाढीला देव झोपतात, कार्तिकीला उठतात. मधले चार महिने संन्याशानं एका जागी राहायचं. नर्मदेची परिक्रमाही चातुर्मासात थांबते. जैन साधुसाध्वींचा विहार कार्तिकी पौर्णिमेनंतर सुरू होतो. त्या सुमारास हायवेच्या कडेनं पांढऱ्या वस्त्रांतल्या साध्वी अनवाणी झपझप जाताना दिसतात आणि मला माझे बूट जड वाटायला लागतात. बौद्ध भिक्खूंचा वर्षावास तीन महिन्यांचा. त्याचं विनयपिटकात दिलेलं कारण मला फार आवडतं. भिक्खू भर पावसात हिंडतात, हिरवं गवत तुडवतात, किडामुंगी त्यांच्या पायाखाली मरते, अशी लोकांनी तक्रार केली आणि बुद्धांनी ती मानली. चिखल, पूर, आजारपण यांचा विचार असेलच. पण तक्रार होती ती पायाखाली कोण येतं याची. हे कारण मी दरवर्षी नववीच्या वर्गाला सांगत असे. स्वतःला कधी सांगितलं नव्हतं.

नोकरीत असताना मी स्टाफरूममध्ये एक सिद्धान्त मांडत असे. यात्रेकरू फळासाठी जातो. नवस फेडायचा असतो, पुण्य जोडायचं असतं, पोराला नोकरी नाहीतर सुनेला मूल हवं असतं. मी जाते ते काहीच मागायला नाही. मग निष्काम कोण? गणिताच्या सरांना हे पटायचं, कारण त्यांना कुठंच जायचं नसायचं. आमच्या बोलण्यात पुरावा म्हणून एसटी महामंडळही यायचं. महामंडळानं १९८८ मध्ये एक पास काढला. आता तो चार दिवसांचा आणि सात दिवसांचा मिळतो. त्याचं नाव 'आवडेल तेथे प्रवास'. नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण सरकारी कागदावर इतकं मोकळं वाक्य मी दुसरं पाहिलेलं नाही. कारण लिहायला त्या पासावर रकानाच नाही. म्हणजे 'असंच'ला राज्य शासनाची मान्यता होती, फक्त आळीची नव्हती.

हा सिद्धान्त मी वीसेक वर्षं सांभाळला. तो मोडला २०२४ च्या पौषात.

आई २०२२ मध्ये न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आता ती वॉकर धरून खाटेपासून दारापर्यंत येते. रात्री दोनदा उठवावं लागतं. भाऊ पुण्याला असतो. त्याच्याबद्दल इथं लिहीत नाही. आईजवळ दिवसभर मावशी असतात. मांढरदेवच्या पायथ्याच्या गावच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण सगळेच त्यांना मावशी म्हणतात, मीही. लग्न होऊन आल्यापासून पौषी पौर्णिमेची काळूबाईची यात्रा त्यांनी चुकवलेली नव्हती. ओटी, नारळ, पुरणाचा नैवेद्य, आणि डोंगर चढायचा तो पायी, जीप मिळत असली तरी.

त्या वर्षी पौर्णिमा २५ जानेवारीला, गुरुवारी आली होती. दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी. मला २३ ते २६ असा चार दिवसांचा पास काढून जुन्नरला जायचं होतं. नाणेघाट माझा पाहायचा राहिला होता. मावशी रात्रीही राहिल्या तरच ते जमणार होतं. मी विचारलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या.

"चार दिस? कुठं?"

आळीतल्या लोकांना 'असंच' म्हणायला मला काही वाटत नाही. मावशींना म्हणायला जीभ रेटेना. तिकडं लेण्याद्री आहे, अष्टविनायकांपैकी एक. मी म्हटलं, "लेण्याद्रीच्या गणपतीला."

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "देवाला निगालायसा व्हय? मग जावा की बाई. आजीचं मी बघती. काळूबाई काय, पुढल्या सालाला जाईन. ती काय डोंगर सोडून जात न्हाई."

मी दिवसाला नेहमीपेक्षा पाचशे रुपये जास्त देते म्हणाले. त्या हो म्हणाल्या. निघायच्या दिवशी पदराच्या गाठीतून त्यांनी दहाची नोट आणि रुपयाचं नाणं काढलं, नोटेची चार पदरी घडी करून त्यात नाणं ठेवलं आणि माझ्या हातावर दिलं. "माज्या नावानं वाहा." मी ती पुडी सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवली. वाई, स्वारगेट, वाकडेवाडी, नारायणगाव, जुन्नर एवढ्या प्रवासात तो कप्पा मी चारपाचदा तरी चाचपला. पैशांचा पाऊच त्यातच होता, हे एक कारण.

नाणेघाट पाहायचा तर थंडीतच. पावसाळ्यात तिथं गर्दी आणि धुकं यांखेरीज काही दिसत नाही, असं ऐकलं होतं. पौषात गवत पिवळं पडलेलं, जीवधनचा कडा आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगी सुळका सकाळच्या उन्हात कापून ठेवल्यासारखा. घाटघरात एका घरी राहिले, पिठलं-भाकरी खाल्ली, आणि पौर्णिमेच्या दिवशी दुपारी चालत घाटाच्या तोंडाशी गेले. दगडी रांजण पाहिला. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. मग खाली गुहेत उतरले. भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. कुठकुठले यज्ञ केले आणि दक्षिणा काय दिली याची ती यादी. अश्वमेध आहे, हत्ती-घोडे आहेत, कार्षापण नाणी आहेत, आणि गाई तर शेकड्यांनी नि हजारांनी. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर नावं उरली आहेत आणि खाली पावलांचे अवशेष. मधली माणसं गेली. इतकी वर्षं लोक समोरून चालत घाट चढले-उतरले, ओझी घेऊन, कल्याणच्या बंदराकडे नि तिकडून, आणि भिंतीवर शिल्लक राहिली ती पावलं, हे मला त्या वेळी फार सुंदर वाटलं. वहीत टिपूनही घेतलं.

संध्याकाळी तोंडाशी येऊन बसले. समोर कोकणात सूर्य उतरत होता, खालचे डोंगर एकामागे एक निळे होत चालले होते. वारा इतका गार की कानटोपी खाली ओढली. चहा प्यावा म्हणून थर्मास काढायला वळले, तर मागे पठारावर चंद्र वर आलेला. मोठा, पिवळा, किंचित चेपल्यासारखा. दोघं एकाच वेळी क्षितिजाशी, समोरासमोर. असं पौर्णिमेच्या सुमारासच दिसतं, असं मनात आलं आणि त्या शब्दासरशी हात थांबला. पौर्णिमा. आत्ता मांढरदेवच्या डोंगरावर गर्दी असेल, आणि मावशी वाईत माझ्या आईला वॉकर देऊन न्हाणीघरापर्यंत नेत असतील.

थर्मास उघडला नाही. डोक्यात भलतीच गोष्ट सुरू झाली. संस्कृत शिकवलेल्या माणसाला हा त्रास असतोच, दुःखसुद्धा दाखल्यासकट येतं.

'चरैवेति' हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. ट्रेकिंगवाल्यांच्या टी-शर्टावर असतो, शाळेच्या फळ्यावर असतो, मीही सुंदर अक्षरात अनेकदा लिहिला. चालत राहा. ऐतरेय ब्राह्मणातला तो. पण तो कुणी कुणाला म्हटला हे फळ्यावर लिहीत नाहीत. हरिश्चंद्र राजाला मूल नव्हतं. त्यानं वरुणाला नवस केला, मुलगा दे, तोच तुला बळी देईन. रोहित जन्मला. राजा आज-उद्या करत राहिला; दात येऊ देत, दात पडू देत, पुन्हा येऊ देत, शस्त्र धरण्याएवढा होऊ दे. शेवटी मुलाला सांगितलं तेव्हा मुलगा धनुष्य घेऊन रानात निघून गेला. त्याला दोष कोण देईल? इकडे वरुणानं राजाला धरलं, पोट फुगलं, जलोदर झाला. ते रोहितच्या कानावर गेलं आणि तो घरी यायला निघाला. वाटेत इंद्र भेटला, आणि त्यानं सांगितलं, हिंडत राहा. एकदा नाही, पाच वेळा, दर वर्षी. हा महान मंत्र म्हणजे आजारी बापाकडे निघालेल्या पोराला परत फिरवणारं बोलणं आहे. सहाव्या वर्षी रोहितला रानात अजीगर्त नावाचा उपाशी ब्राह्मण भेटला. त्याला तीन मुलगे. थोरला बाप देईना, धाकटा आई देईना. मधला शुनःशेप रोहितनं आपल्या जागी बळी द्यायला विकत घेतला. शंभर गाईंना.

गुहेच्या भिंतीवरच्या गाई मी दुपारी मोठ्या कौतुकानं पाहिल्या होत्या. आता मला माझे पाचशे रुपये आठवले.

शुनःशेप पुढे सुटतो, देवांनाच शरण जाऊन. माझ्या गोष्टीत कुणाच्या जिवाशी गाठ नव्हती हे मलाही कळतं. एका बाईची एक यात्रा चुकली, इतकंच. पण मोडलं ते नेमकं काय, हे त्या थंडीत मला दिसत होतं. मी 'असंच फिरायला' म्हटलं असतं तर मावशी म्हणाल्या असत्या, "मग पौर्णिमा झाल्यावर जावा." आणि मी गेले असते. माझी मौज आणि त्यांची काळूबाई समोरासमोर आली असती तर मौज हरली असती, आणि ते दोघींनाही मान्य झालं असतं. मी मध्ये गणपती आणून उभा केला. देवाला निघालेल्या माणसासाठी लोक आपलं काम मागे सारतात, कारण त्याच्या जाण्यात त्यांचा वाटा असतो. म्हणून तर आपल्या नावानं पैसे पाठवतात, परतलेल्याच्या पाया पडतात. काशीहून आलेला माणूस मावंदं घालतो तेही हा हिशेब फेडायलाच. माझ्या निष्काम सहलीनं त्या खात्यातून उचल केली होती, आणि जमा करायला माझ्याजवळ सूर्यास्ताचे फोटो होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्याद्री चढले. तीनशेच्या आसपास पायऱ्या. वर जायला पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं, देवाला जायचं असलं तरी. गणपती आहे तो मूळच्या बौद्ध विहारात. ऐसपैस दालन, आणि कडेनं भिक्खूंच्या अंधाऱ्या खोल्या. कुणाच्या पायाखाली काही येऊ नये म्हणून माणसं पावसाळाभर जिथं बसून राहत, तिथं मी नवस नसताना नवसाच्या रांगेत उभी होते. पुडी उघडली नाही. तशीच देवापुढे ठेवली. मावशींचं नाव घेतलं आणि माझं घ्यावं की नाही हे ठरायच्या आत मागच्यांनी पुढे ढकललं.

रात्री नऊला घरी पोचले. दारात बूट काढायला वाकले तर मावशी आधीच खाली वाकल्या होत्या, माझ्या पायाशी. यात्रेहून आलेल्या माणसाच्या पाया पडतात तशा. बुटांवर घाटघरची धूळ होती. मी "अहो मावशी, नको" म्हणेपर्यंत त्यांनी ते हात कपाळाला लावलेही.

गीतेचा आधार घेऊन मी जो सिद्धान्त रचला होता तो किती पोकळ होता, हे पुढचे काही दिवस कळत राहिलं. फळ मागितलं नाही म्हणजे कर्म निष्काम झालं, इतकं ते सोपं नाही; मुळात ते कर्म आपल्या वाट्याचं हवं. अर्जुनालाही निघूनच जायचं होतं, भिक्षा मागून राहीन म्हणत होता, आणि त्यात फळाची हाव मुळीच नव्हती. गीता त्याला थांबायला सांगते. ऐतरेयातला इंद्र परत निघालेल्याला जा म्हणतो. दोन्ही ग्रंथ मी शिकवले, पण शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. कोण कुठून निघालाय आणि मागे कोण आहे हे विचारल्याशिवाय 'चाल' म्हणणंही खोटं आणि 'थांब' म्हणणंही.

तरीही मला फिरणं सोडवत नाही, आणि सोडावं असं वाटतही नाही. आमच्या वाईचाच एक दाखला मी धरून असते. विनोबा तेव्हा बावीस वर्षांचे होते. गांधीजींच्या आश्रमातून वर्षाची रजा घेऊन ते इथल्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे वेदान्त शिकायला आले. प्रकृती सुधारावी म्हणून त्याच वर्षात महाराष्ट्रात पायी हिंडले, राजगड, सिंहगड, तोरणा असले किल्ले चढले. पुढे तेरा वर्षं भूदानासाठी चालले त्याचे गोडवे सगळे गातात. मला ते कोवळ्या वयातलं किल्ले पाहत हिंडणं जास्त आवडतं. त्यात थोडं तरी 'असंच' असणारच. आणि रजा संपली त्या दिवशी ते आश्रमात हजर होते.

रथसप्तमी झाल्यावर एका दुपारी मी मावशींना सांगितलं. आई झोपली होती. म्हटलं, "मावशी, मी तेव्हा देवाला नव्हते गेले. डोंगर बघायला गेले होते. असंच."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पैकं वाह्यलं न्हवं माझं?"

"वाहिले."

"मग झालं की."

त्यांनी माफ केलं की त्यांच्या लेखी माफ करण्यासारखं काही नव्हतंच, ते मला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, पौषी पौर्णिमा आणि भोगी एकाच दिवशी आली, १३ जानेवारीला. आदल्या आठवड्यातच मी मावशींना दोन दिवसांची पगारी रजा सांगून टाकली. त्या पहाटे चारला ओटीची पिशवी घेऊन गेल्या. मी तीळ लावून भाकरी थापल्या, वांगी, गाजर, हरभरे, पावटे घालून भोगीची भाजी केली, आईच्या ताटात भाकरी कुस्करून दिली. तिला रात्री दोनदा उठवलं. दुसऱ्यांदा उठवताना ती म्हणाली, "ती कुठं गेली गं?" म्हटलं, यात्रेला. "आणि तू नाही गेलीस कुठं?" म्हटलं, नाही. "बरी आहेस ना?"

मावशी दुसऱ्या दिवशी संक्रांतीच्या दुपारी आल्या. मला हिरव्या बांगड्या, आईला रेवड्या, खोबऱ्याचा प्रसाद. मी पाया पडायला वाकले तर दोन पावलं मागे सरकल्या, "अवो बाई!" म्हणून. आईनं खाटेवरूनच विचारलं, काय मागितलंस देवीला.

मावशी जमिनीवर टेकल्या, तळपाय चोळू लागल्या. "गर्दी लई हुती आजी. वटी भरली आन् फुडं ढकललं. मागायचं ऱ्हाऊनच गेलं." मग थोडं हसून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खाली उतरायच्या आदी कड्याला जाऊन बसले हुते मातूर. तासभर. वारं लई ग्वाड लागत हुतं."